तिठ्यावरचं माहेरघर

१४ जानेवारी
आले एकदाची. मला नावं ठेवायची सवय, पण इथे ठेवायला काही सापडलं नाही. भिंती निळ्या, रंगाचा वास अजून जात नाही. आठ खाटा, आठ मच्छरदाण्या, पत्र्याचं छप्पर, मागे चूल आणि हातपंप. पुढे ओटा, ओट्यावर लांब बाकडं. दवाखाना हाकेच्या अंतरावर.

वही सिस्टर गारमाईने दिली. दवाखाना तीच चालवते. वयाने माझ्या लेकीहून दहा वर्षांनी मोठी, राजधानीत, मन्रोव्हियात शिकून आलेली. म्हणाली, मा कोर्तो, रोज लिहायचं, कोण आलं, कुणाला काय दुखलं. मी म्हटलं, प्रौढांच्या वर्गात दोनच पावसाळे बसलेय, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणाली, कोंबडी तर कोंबडी, चालू दे.

सरकारचं नवं धोरण असं आहे. लढाई थांबून दहा वर्षं झाली तरी बायका बाळंतपणात मरतात. म्हणून घरी बाळंत व्हायचं बंद. दिवस भरत आले की गाव सोडून माहेरघरी यायचं, कळा लागल्या की दवाखान्यात. सगळं फुकट. दारात आलेली बाई, कागद असो नसो, परत पाठवायची नाही. आणि आम्हा सुईणींनी हात लावायचा नाही. पंचवीस वर्षं पोरं बाहेर काढली, आता म्हणे लांब उभी राहा. फार राग आला होता. मग मलाच इथली मा केली, जेवणखाण आणि देखभाल बघायला. माझी लेक लोर्पू पहिलटकरीण आहे, तीही पुढच्या महिन्यात इथेच येणार. राग गिळला.

जागा सरकारी साहेबांनी नकाशावर ठरवली. तिठ्यावर बोट ठेवून म्हणाले, तिन्ही रस्ते इथे मिळतात, अकरा गावांतल्या बायकांना इथूनच जावं लागतं. जसं काही ह्यांनीच शोध लावला. लढाईतल्या पोरांनी रस्ता अडवून गेट टाकलं तेही इथेच, आणि ह्याच कारणाने. मला कुणी विचारलं नाही.

१७ जानेवारी
पाच जणी आल्या. दुपारी भात आणि कसाव्याचा पाला, वर पामतेल. दोघींनी आणखी मागून घेतलं. बरं वाटलं.

म्हातारा फ्लोमो राखणदार आहे. मोटारसायकली थेट ओट्यापर्यंत घुसतात म्हणून त्याने दोन खांबांना आडवी दोरी बांधली. मी म्हटलं सोड ती, मला दोरी आवडत नाही. तो म्हणाला, मला तरी कुठे आवडते. पण सिस्टरने सांगितलंय. बांधली.

केब्बे नावाची एक तोंडाळ आहे. सगळ्यांसमोर मला म्हणते, मा, तुझे हात म्हणे कधी चुकत नाहीत, सांग की मुलगा का मुलगी. का म्हातारपणी विसरलीस? बाकीच्या खिदळल्या. मी म्हटलं, बाहेर आल्यावर बघ, डोळे आहेत ना तुला. वीस वर्षं झाली, मी कुणाला सांगत नाही. कानाला खडा लावलाय. पण हाताला कळायचं ते कळतंच, आणि मग ते जिभेवर येऊन बसतं. वही काही बोलत नाही, म्हणून इथे टाकते. केब्बेला मुलगा आहे. पाठ डावीकडे, चपळ आहे.

लिहिल्यावर हलकं वाटलं. वहीचा हा उपयोग सिस्टरला ठाऊक नसेल.

२२ जानेवारी
सकाळी ओटा झाडायला गेले तर बाकड्यावर एक बाई. पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेले. नेसूचं कापड जुन्या छापाचं, असलं आता बाजारात मिळत नाही. सात-आठ महिन्यांची असेल. नाव यामा. कागद नाही, सोबत कुणी नाही. कुणी पाठवलं विचारलं तर म्हणाली, थांब म्हणाले. कोण म्हणाले? रस्त्यावरची माणसं. आधीच पाठीत उसण भरलेली, त्यात ही कोडी. परत पाठवायची नाही असा नियम. सात खाटा भरल्या होत्या, आठवी दिली.

२८ जानेवारी
यामा जेवत नाही. भात तसाच राहतो, वर मुंग्यासुद्धा येत नाहीत. पाय धुवायला पाणी देते, ती धुते, घटकाभराने पुन्हा लाल.

इतर बायका तिच्याशी बोलत नाहीत. प्रत्येकीला वाटतं ती दुसऱ्या गावाची. दिवसभर बाकड्यावर बसते आणि मी जवळून गेले की हळूच विचारते, काय आहे? पहिल्यांदा वाटलं जेवणाचं विचारते. पोटावर हात ठेवून विचारते. मी झिडकारलं, इथे सांगत नाहीत म्हटलं. मग केब्बेकडे बोट करून विचारते, हिचं काय आहे?

सिस्टर फेरीला आली. सात जणी म्हणाली. मी म्हटलं आठ. ती म्हणाली, मा, आठवी खाट रिकामी आहे. हसली आणि गेली. यामा खाटेवरच होती.

३ फेब्रुवारी
केब्बेचं बाळ गेलं. पोटातच. काल संध्याकाळपर्यंत लाथा मारत होतं, माझ्या हाताला लागलंय. सिस्टरने जे करायचं ते केलं, तिची चूक नाही. मुलगा होता.

ती तोंडाळ केब्बे. भिंतीकडे तोंड करून पडली आहे.

ओट्यावर यामा म्हणाली, "बरोबर सांगितलंस तू. मुलगाच."

मी कुणाला सांगितलं नव्हतं.

४ फेब्रुवारी
पानं उलटून बघितली. १७ जानेवारी. माझीच कोंबडीची अक्षरं.

आता असलं काही लिहायचं नाही. काय आलं, काय शिजलं, तेवढंच.

दुपारी लोर्पू आली. पाय सुजलेत, पण चेहरा खुशीत. जावयाने डोक्यावरून बोचकं आणलं, सुकी मासळी, मिरच्या, बाळासाठी टोपरं. आल्या आल्या माझा हात ओढून पोटावर ठेवला, म्हणाली जगाला नको सांगूस, मला तरी सांग. हात मागे घेतला. रुसली.

कळलं मला. तेवढ्यात हाताला कळलं.

सातवी खाट रिकामी झाली होती. यामाच्या शेजारची.

६ फेब्रुवारी
आज यामाचं पोट तपासलं. कधीतरी तपासायलाच हवं होतं, पण हात धजत नव्हता. सुईणीपुढे पोट झाकून राहत नाही म्हणतात. सुईणीचं काय झाकून राहतं?

चेहरा मी ओळखला नव्हता, कारण तेव्हा चेहरा बघितलाच नव्हता. पोट ओळखलं. उजव्या बरगडीखाली पोराची टाच, तिथेच. वीस वर्षांत तसूभर हललेली नाही.

लिहितेच सगळं. गेट होतं, आडवी दोरी होती, दोन पोरं बंदुका घेऊन. रांगेत आम्ही दोघीच पोटुशी, ती माझ्या पुढे. लोर्पू माझ्या पोटात, सहावा महिना. पोरांची पैज लागली, बुटांच्या जोडावर. पोटात काय आहे ह्याच्यावर. एकाने माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, मी सुईण आहे, मी हात लावून सांगते, हिचं सांगते. हिचं. मी म्हटलं हिचं.

हात लावला आणि सांगितलं. दुसरा म्हणाला, खोटं बोलत असेल, उघडून बघू या. दोरी माझ्यासाठी खाली केली. मी चालत गेले. मागे बघितलं नाही. ऐकू आलं.

फ्लोमोला विचारलं, गेट नेमकं कुठे होतं. तोही त्या रांगेत होता. म्हणाला, ओटा आहे तिथेच, मा, म्हणून मी पुढच्या दाराने येत नाही.

७ फेब्रुवारी
लोर्पूला गावी नेऊ दे म्हणून सिस्टरच्या पाया पडले. घरी बाळंतपण नाही, म्हणाली. मा, तूच असं केलंस तर बायका कुणाचं ऐकतील? तीस वर्षांची पोर, पण बोलली ते खरं. तिला काय सांगू? धोरणात ह्याच्यासाठी रकाना नाही.

यामा लोर्पूकडे बोट करून सारखी विचारते. हिचं काय आहे?

लोर्पू म्हणाली, मा, ती शेजारची बाई माझ्या पोटाकडे का बघते?

तिलाही दिसते.

८ फेब्रुवारी
भर दुपारी लोर्पूला घेऊन निघाले. नियम गेला खड्ड्यात. फ्लोमोने दोरी सोडली. चार पावलं गेलो, पुढे पुन्हा दोरी. तीही सोडली. पुढे पुन्हा. रस्ता मोकळा, माणूस नाही, नुसत्या दोऱ्या. ताणलेल्या.

लोर्पू म्हणाली, मा, कळ आली.

मागे वळलो. मागे एकही दोरी नव्हती.

९ फेब्रुवारी, सकाळ
कळा थांबल्या. सिस्टर म्हणते वेळ आहे अजून. तिला वरच्या गावी बोलावणं आलं, लस घेऊन गेली. दुपारी येते म्हणाली.

वही चुलीत टाकली. चूल पेटलेली होती. वही ही इथे, मांडीवर.

दुपार
सिस्टर नाही. कळा जोरात. दवाखान्यात न्यायचं तर दारात दोरी. माझ्याच हातांनी करावं लागणार. हात स्थिर आहेत. मी नाही.

यामा खाटेच्या पायथ्याशी. तिला म्हटलं, मी चुकले, मला घे. मान हलवते. म्हणाली, "त्यांना सांगितलंस. मला नाही सांगितलंस."

खरंच. हिला मी कधी सांगितलंच नाही.

सांगते. लिहून सांगते. यामा, तुला मुलगा होता. मला कळलं होतं मुलगा. ज्याच्या हातात बंदूक मोठी त्याने मुलगी म्हटलं होतं, म्हणून मी मुलगी सांगितलं. मुलगा होता. सुदृढ. उजवीकडे टाच.

रडते. पोटाशी काहीतरी बोलते. पायांवरची धूळ जातेय— पाय स्वच्छ— दारातली दोरी खाली पडली. जा बाई. जा.

जात नाही.

म्हणते, "माझं झालं. आता हिचं."

नाही. हे नाही. लोर्पू ओरडते, मा, हात धर. डावा हात तिच्या हातात दिलाय, घट्ट. उजव्याने पेन्सिल टाकली. टाकली होती— पुन्हा बोटांत— बोटं मिटत नाहीत—

डोकं दिसतंय. दोन कळांचं काम, दोनच. थांब, यामा, दोन कळा थांब, मग तूच बघ डोळ्यांनी. मी सांगणार नाही. तोंड बंद आहे माझं, दातांत जीभ धरलीय, रक्त आलंय. मी सांगत नाही. उजवा हात— लोर्पू, दाब, लवकर— लोर्पूला मुल