माकदोंगचे वंशज

देगू, ३ सप्टेंबर १९९६

ती. सोंगग्युनदादास म्योंगऑकचा सा. न. वि. वि.

वहिनीने पाठवलेली मिरचीपूड पोचली. आता मुद्द्याचं लिहिते.

अकरा वर्षं मी आपल्या खोऱ्यातल्या जुन्या शिरगणतीच्या वह्या वाचतेय. तू चिडवायचास, की बहीण इतिहासाची प्राध्यापक होऊन मेलेल्यांची हजेरी घेत बसलीय. पुस्तक आता छापायला जायचंय आणि त्यात आपलंच घर आलंय. वंशावळीत ज्यांना आपण विद्वान मूळपुरुष म्हणतो, ते १७१७च्या नोंदीत गुलाम आहेत. नाव माकदोंग, म्हणजे शेंडेफळ. आडनाव नाही. दुष्काळात सरकारी कोठारात धान्य भरून ते सुटले, आणि नातवाच्या नावापुढे ‘विद्यार्थी’ हे खानदानी लोकांचं बिरुद लागलं. इतर घराण्यांबद्दल मी असंच लिहिलंय. आपलं तेवढं कसं गाळू? पण घराचा कर्ता तू. नाही म्हणालास तर पुस्तक मागे घेईन.

लोभ राग आल्यावरही असू द्यावा.
म्योंगऑक

सान्चॉन्ग, १० सप्टेंबर

चि. म्योंगऑकला आशीर्वाद.

तुझं पत्र लपवून ठेवलं होतं. दोन दिवस माझं जेवणात लक्ष नाही म्हणून तुझ्या वहिनीने ते शोधून वाचलं. आपल्या पोराचं, जेग्यॉंगचं, लग्न ठरत आलंय. मुलीच्या वडिलांनी, नोसाहेबांनी, पहिल्याच भेटीत घराणं विचारलं होतं. त्यांना काय सांगू? दरवर्षी ज्यांच्या कबरीपुढे कपाळ टेकवतो, ते कुणाचे तरी गुलाम? चाळीस वर्षं शाळेत अक्षरं शिकवली. तुझीही पहिली अक्षरं मीच गिरवून घेतली, ती याचसाठी का? तुझ्या वाचनात घोटाळा असणार. पुरावा पाठव. तोवर घरी येऊ नकोस.

आशीर्वाद आहेत, लोभाचं पुढे बघू.
सोंगग्युन

देगू, १४ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

सतरा पानांच्या प्रती पाठवतेय. माझी टिपणं मुद्दाम जोडलेली नाहीत. जुन्या वह्यांतली चिनी अक्षरं तू माझ्यापेक्षा चांगली वाचतोस, तेव्हा तुझं तूच ठरव. छापखान्याला थांबायला सांगितलंय.

वहिनीला माझ्यामुळे बोलू नकोस.
म्योंगऑक

सान्चॉन्ग, २५ नोव्हेंबर

चि. म्योंगऑकला अनेक आशीर्वाद.

तुझी चूक काढायलाच बसलो होतो. दोन महिने भिंग घेऊन बसलो, सापडली नाही. उलट कसरीने खाल्लेल्या ओळींतून एकेक माणूस तू कसा सोडवून आणलास, याचंच नवल वाटत राहिलं. स्वतःला मास्तर म्हणवून घ्यायला आता लाज वाटते. आणि त्या दुष्काळात, घरात सात तोंडं असताना, माकदोंगने धान्य कसं साठवलं असेल? अशा माणसापुढे कपाळ टेकवायला मला काहीच कमीपणा वाटत नाही.

नोसाहेबांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा पेला भरला आणि म्हणाले, “तुमच्या बहिणीला विचारा, आमचं घर कुठल्या पानावर आहे.” लग्न फेब्रुवारीत आहे.

काल कबरीपुढे वार्षिक पूजा झाली. दोन चुलते उठून गेले, बाकीचे थांबले. प्रार्थनेत मी माकदोंग हे नाव मोठ्याने वाचलं. अकराव्या पानावर त्याची आई आहे ना, जिचं वय शाबूत आहे पण नाव कसरीने नेलंय? तिच्यासाठीही भाताचा वाडगा ठेवला. हाक काय मारावी कळेना. शेवटी म्हणालो, “माकदोंगच्या आई, जेवून घ्या.”

पुस्तकात सगळी नावं छाप. वहिनी तुझी वाट पाहतेय, मीही.
सोंगग्युन