मोरानं बसकण मारली

प्रिय इदुन,

तुझं ऑगस्टमधलं पत्र मिळालं होतं. उत्तर का दिलं नाही ते शेवटी सांगते, कारण आधी मेंढ्यांची बातमी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. यंदा डोंगरावरून मेंढ्या खाली आणायचा मान माझ्याकडे आला. बावीस वर्षं वाट पाहिली गं. या मानकऱ्याला आपल्याकडे 'डोंगरचा राजा' म्हणतात, मग बाईला काय म्हणायचं यावर सभेत तासभर खल. शेजारचा गीस्ली तपकीर ओढत म्हणाला, "राणी नका म्हणू, उद्या मुकुट मागेल." शेवटी राजाच ठरलं. मानाची काठी हातात देताना त्यानं टोमणा मारलाच, "एक जरी मेंढी हरवली, तर पुढच्या वर्षी ही परत माझ्याकडे."

झालं, माझं डोकं फिरलं. नकाशावर पाच रंगांच्या रेघा मारल्या. कोण कुठे, किती वाजता, हे लिहून अकराही जणांच्या खिशात कागद कोंबले. तुझे बाबा म्हणाले, "स्वावा, मेंढ्यांनाही एकेक प्रत दे."

दोन दिवस सगळं कागदाबरहुकूम. तिसऱ्या दिवशी घोड्याचे कानही दिसेनात एवढं धुकं उतरलं. दुपारच्या आत नदी ओलांडायची, असं मी लिहून ठेवलेलं. चारशे मेंढ्या मागे आणि गळ्यातली घंटा वाजवत आपली म्होरकी मेंढी मोरा पुढे. नदीच्या नेहमीच्या उतारापाशी आली आणि तिनं बसकण मारली. हाकारलं, ढकललं, शेवटी शिंगांना दोरी बांधून ओढलं. त्या ओढाताणीत मी चिखलात सपशेल आडवी, आणि ही बया निवांत रवंथ करतेय. माणसं पोट धरधरून हसली. मला मात्र रडू येत होतं. बावीस वर्षांची हौस एका मेंढीनं मातीत घातली असंच वाटलं. चूक तिची, बरोबर मी, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

गीस्लीनं हात देऊन उठवलं. म्हटलं, आता काठी मागतोय. पण तो म्हणाला, "स्वावा, घरी मेंढ्या न्यायच्यात की तुझा कागद?" मी दोरी सोडली. मोरा उठली, अंग झटकलं आणि नदीच्या वरच्या अंगाला चालू लागली. मला दिसत काहीच नव्हतं, नुसती घंटा ऐकू येत होती. लगाम ढिला करून घोडा तिच्या मागे सोडला. पहिला तासभर जीव मुठीत धरून होते. मग लक्षात आलं, मी चक्क गाणं गुणगुणतेय.

बरंच वर, दगडांतल्या उथळ पाण्यातून आम्ही पार झालो. धुकं विरल्यावर पलीकडून पाहिलं, तर आपल्या नेहमीच्या उताराचा काठ पाण्यानं खालून पार पोखरलेला, वरचं गवत तेवढं लोंबत होतं. पायथ्याच्या कुंपणात मोजल्या, एकही कमी नाही. उशीर मात्र साडेतीन तास. मटणाचं सूप तळाशी लागलं होतं, ते सगळ्यांनी माझ्या नावानं बोटं मोडत ओरपलं.

आता तुझं पत्र. गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण सोडून तू होड्या बांधायला शिकणार, हे वाचून मी काय केलं माहितेय? तुझ्या प्राचार्यांना लिहिलं, जागा राखून ठेवा, पोर परत येईल. तुला न विचारता. तिकीट लावून पाकीट घड्याळामागे ठेवलं होतं, डोंगरावरून आल्यावर टाकायचं म्हणून. काल त्याच पाकिटानं शेगडी पेटवली. डॉक्टरीण मला हवी होती, बाळा. तुझ्याही शिंगांना मी दोरी बांधली होती, चुकलंच माझं. तुला कुठला काठ पोखरलेला दिसला ते मला ठाऊक नाही, आणि विचारणारही नाही. सोबत मोराची जुनी घंटा पाठवतेय, पहिल्या होडीला बांध. आणि मला मागे बसायला जागा ठेव. वल्ही मागणार नाही.

तुझीच,
डोंगरचा राजा, म्हणजे आई