तांदळाच्या डब्यातला उदय

कोल्हापूर, पितृपंधरवडा

गडहिंग्लजकर गणपतराव यांस थोरल्या आक्काचा आशीर्वाद. गुडघा कसा हाय? तुझ्या बायकोची साखर उतरली, का अजून चोरून पेढे खाती? आम्ही सगळे, उरलो तेवढे, बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू आधी रडतोस, मग मी तुला समजावत बसते आणि बोलायचं तसंच राहतं. मला अक्षर येत न्हाई, म्हणून मी बोलते आणि उदयची लेक निशिगंधा लिहिते. (ती शाळेतलं लिहिते, मी घरातलं बोलते. मिसळून वाच.)

उदयला जाऊन सहा महिने झाले. दूध घालायला डेअरीत गेला, रांगेत टेकला आणि नंबर आला तरी उठला न्हाई. जन्मात कधी रांग मोडली नव्हती पोरानं, ही एवढी मोडली. आईच्या पुढं गेला. (निशे, थांबू नको, लिही.)

आमच्या सासरची रीत तू विसरला असशील. अवेळी गेलेल्याची मूर्ती चांदीच्या पत्र्यावर उठवायची आणि तो टाक घट बसायच्या आधी देव्हाऱ्यात बसवायचा. मग रोज देवांबरोबर आंघोळ, गंध, फूल आणि नमस्कार. सूनबाईनं, स्नेहलनं, टाक करून आणला. बघते तर घोडा, तलवार आणि ह्या मिशा! वरातीत घोड्यावर बसवला तर 'मामा, उतरवा' म्हणून तुझ्या गळ्यात पडला होता तो आपला उदय! मी सोनाराकडं गेले, म्हटलं, बाबा, तलवार काढ आणि दुधाची किटली दे. तो म्हणतो, आज्जी, वीर असाच असतो. असंल.

पण माझी अडचण घोड्याची न्हाई. पन्नास वर्षं हा देव्हारा मी सांभाळला. सासऱ्यांच्या टाकाला नमस्कार केला, मालकांच्याही केला (जिवंतपणी एवढा केला नसंल). पण ज्याचं नाक मी पदरानं पुसलं, त्याच्या पाया पडू? थोरल्यानं पाया पडलं की धाकट्याचं आयुष्य घटतं म्हणतात. आता काय घटायचं राहिलंय म्हणा.

शेजारची चिमणाबाई सत्संगाला जाते. मला म्हणाली, 'आक्का, मोह सोडा. आत्मा कुणाचा लेक नसतोय.' मागच्या गुरुवारी देवळाबाहेर तिची नवी चप्पल गेली तर बाई दोन दिस जेवली न्हाई. मी म्हटलं, 'चिमणे, चप्पल बी कुणाची नसती गं.' तेव्हापासून येत न्हाई. भक्ती वाढली असंल.

तर मी काय केलं, टाक तांदळाच्या डब्यात खोल पुरला आणि सापडत न्हाई म्हणून सांगितलं. स्नेहलनं घर उलथं केलं. मी पण तिच्याबरोबर शोधत होते, तेही कॉटखाली वाकून. परवा तिनं घाईत तांदूळ काढले, धुतले, कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, झाकण काढलं, तर भातात घोड्यावर बसलेला उदय! वाफेनं नुसता चकाकत होता.

स्नेहल माझ्याकडं बघत राहिली. म्हटलं, आता ही रडणार. पण ती हसायलाच लागली, पदर तोंडात कोंबून. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग खाली बसली आणि म्हणाली, 'आई, तुम्ही दडवलासा म्हणून ते परत येणार हाईत व्हय?'

मी ताट घेतलं. तिला भात वाढला.

देव्हाऱ्याला मी हात लावणार न्हाई आणि त्या टाकाला तर पाणीसुद्धा घालणार न्हाई, हे तुला ठणकावून सांगायला हे पत्र. घरात सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी आक्का

ता. क. उदयचं जावळ तुझ्या मांडीवर काढलं, कान तुझ्या मांडीवर टोचले. घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ये. तूच त्याला मांडीवर घे आणि देव्हाऱ्यात बसव. माझ्या हातानं होत न्हाई. नमस्काराचं मग मी बघते. आणि येताना रडायचं ते एस.टी.तच उरकून ये.

आणखी एक. वर पाण्याचं लिहिलंय ते खोडू नको म्हटलंय निशीला, पण परवा त्याला भात चिकटला होता. नाकातलं शीत नखानं काढलं. पाणी आधी माझ्या हातावर ओतून बघितलं, कढत नव्हतं. लहानपणी आंघोळ म्हटली की केवढा बोंबलायचा, आठवतं? परवा हूं की चूं न्हाई.