आवाज झाला की थांबायचं

सर, देवळालीच्या तोफा वाजायच्या तेव्हा तुम्ही डाव्या हाताचं बोट वर करायचात. कविता अर्ध्या ओळीत असायची. खिडकीच्या काचा थरथरतात, फळ्याच्या कडेवरचा खडू घरंगळतो आणि आख्खा वर्ग त्या बोटाकडे बघत गप्प बसलेला आहे, असं चित्र अजून डोळ्यांपुढे येतं. पलीकडच्या माळावर लष्कराचा सराव चाले; तो काही तुमचं वेळापत्रक बघून चालत नसे. आवाज विरला की बोट खाली आणि पुढच्या अक्षरापासून चाल पुन्हा सुरू. एकदा मागच्या बाकावरचा कुणीतरी पहिल्यापासून म्हणू लागला, तर तुम्ही म्हणालात, "पहिल्यापासून कशाला? तोफेला वृत्त कळत नाही, तुला कळतं ना? मग थांबलास तिथूनच उचल."

आता मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावाबाहेर मुलाकडे राहतो. नव्या घरांची एक रांग आहे आणि तिच्यामागे लगेच शेत. शनिवारी सकाळी मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या उघड्या लाकडी ओट्यावर, मी मराठीचा वर्ग घेतो. इन मीन पाच-सहा मुलं. विचारलं मराठीत तर उत्तर इंग्रजीत येतं, पण कविता म्हणायला लागली की इंग्रजीला शिरायला जागाच उरत नाही, म्हणून मी कविताच जास्त घेतो. शेताचा मालक माझ्याच वयाचा, गाई विकून निवृत्त झालेला. न्याहारी झाली की तो मातीच्या ढिगाऱ्यापुढे पत्र्याच्या थाळ्या टांगतो आणि जावयाबरोबर नेमबाजी करत बसतो. मला तो प्रोफेसर म्हणतो. मी जन्मभर पंपांची डिझाइनं केली हे त्याला सांगून झालंय, पण त्याला प्रोफेसरच आवडतं. हिवाळ्यात न सांगता ट्रॅक्टर आणून आमच्या दारातला बर्फ ओढून टाकतो.

वर्ग चालू असताना पहिल्यांदा बार वाजले तेव्हा माझं बोट आपोआप वर गेलं. मुलं थांबली. बोट खाली आलं, तशी पुढच्या अक्षरापासून निघाली. त्यांना तो खेळच झाला. पुढेपुढे तर माझ्याआधी त्यांचीच बोटं वर जाऊ लागली, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, बघा सर, तुमचा तास कुठवर आला.

एका शनिवारी एका मुलीची आई तिला न्यायला जरा लवकर आली. नागपूरकडची, इथे युनिव्हर्सिटीत संशोधन करते. डेकच्या पायरीवर उभी राहून बघत होती.

"काका, हे बोटाचं काय आहे?"

मी कौतुकानं सगळं सांगितलं, तुमच्यासकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचं हिच्याकडून ड्रिल करून घेतात. असा आवाज आला की दिवे बंद, दार लॉक, कोपऱ्यात जाऊन बसायचं, हूं की चूं करायचं नाही. आणि इथे तुम्ही शिकवताय की जागेवर बसून राहायचं आणि मग पुढची ओळ म्हणायची."

"अगं, पण हे शेजारचे आहेत. थाळ्यांवर मारतात."

"ते तुम्हाला माहितीये. उद्या शाळेत खरंच आवाज आला तर हिनं कुणाचं ऐकायचं?"

मुलगी दप्तर अडकवत म्हणाली, "इट्स ओके, आजोबा. आय नो द डिफरन्स."

"ऐकलंत?" आई म्हणाली. "दुसरीत आहे ही. मी नाही पाठवणार आता. रागावू नका."

रागावण्यासारखं काही नव्हतंच. पुढच्या शनिवारी आणखी दोघं आली नाहीत.

त्याच सुमारास टाउनशिपपुढे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीपुढे, प्रस्ताव आला, की घरांपासून ठरावीक अंतराच्या आत हौसेची नेमबाजी नको. शिकारीच्या हंगामाला हात लावलेला नव्हता. मुलगा म्हणाला, "बाबा, आपण यात नको पडायला. बर्फ कोण काढणार मग?" म्हटलं तर थट्टा. शेजाऱ्यानं मला कुंपणापाशी गाठलं. "प्रोफेसर, तुझं स्वयंपाकघर आहे ना, तिथं माझा मका होता. आवाज आधीपासून आहे, घरं नंतर आली." खरं होतं, आणि खरं आहे असं मी त्याला म्हणालोही. देवळालीतसुद्धा तोफा आधीच्या आणि आपली शाळा नंतरची. पण तोफेचा आवाज आला की लपायचं, असं आम्हाला दुसरं कुणी शिकवत नव्हतं. आम्हाला एकच अर्थ पुरत होता.

सभेत मी उठलो. म्हणालो, मला बंदुकीबद्दल काही म्हणायचं नाही, अंतराबद्दल म्हणायचंय. या मुलांना एकाच आवाजाचे दोन अर्थ शिकावे लागताहेत. शाळेतला अर्थ बदलणं माझ्या हातात नाही, घरामागचा आवाज लांब नेणं आपल्या हातात आहे. शेजारी पुढच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता. त्यानं मान वळवली नाही. प्रस्ताव मंजूर झाला.

आता तो नेमबाजीला लांबच्या रेंजवर जातो. यंदाच्या हिवाळ्यातही बर्फ त्यानंच काढला. पूर्वी काम झालं की इंजिन बंद करून गप्पा मारायचा. आता बंद करत नाही. हात वर करतो, मीही करतो.

ती मुलगी परत येऊ लागली आहे. कविता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात होते, आणि मला ती थोडी घाईची वाटते. गेल्या शनिवारी तिनं विचारलं, "आजोबा, यू वर नॉट स्केअर्ड? कॅननला?" मी म्हणालो, "छे. सरांचं बोट होतं ना."

हे तुम्हाला लिहिलं, पण तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय नाही. लिहिलं ते एवढ्याचसाठी, की मी तिला खोटं सांगितलं. भीती वाटायची, सर, दर वेळी वाटायची. मी तुमच्या बोटाकडे बघायचो, ते थरथरतंय का, एवढंच बघायला.