नळाला पाणी नव्हतं

मरोळ, फेब्रुवारी १९८४

नंदादादा,

आई म्हणते, मस्कतला तुझ्या जिवाला घोर नको. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

कॉलेजात प्रयोग करताना माझ्या मैत्रिणीच्या, जयंतीच्या डोळ्यात अ‍ॅसिड उडालं. प्रयोगशाळेच्या नळाला पाणीच नव्हतं. मी खालून बादली आणेपर्यंत तिचा डोळा गेला.

मी विद्यापीठाकडे तक्रार केली. चौकशीला साहेब आले. प्राचार्यांसमोर एकेका मुलीला विचारलं. सगळ्या म्हणाल्या, पाणी होतं. शेवटी जयंतीही म्हणाली, "चूक माझीच होती, सर."

बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "पाणी नव्हतं म्हटलं असतं तर परीक्षेला बसू दिलं नसतं गं. एका डोळ्याच्या मुलीला शिक्षणाशिवाय कोण विचारणार?"



आता खोटी तक्रार केली म्हणून मी माफी लिहून द्यायची, नाहीतर सोमवारी कॉलेजातून माझं नाव काढून टाकतील. आई म्हणते, देऊन टाक. मी देणार नाही.

जयंतीला फळ्यावरचं अजून नीट दिसत नाही. मीच शेजारी बसून हळू आवाजात वाचून दाखवते. सोमवारनंतर तिच्या शेजारी कोण बसेल, ठाऊक नाही.

तुझी,
क्षमा