डबीची दुरुस्ती

डोकमर्डी, सिल्वासा
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय समाधान,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी हसशील आणि मग घाबरशील. घाबरू नकोस, इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत. हे व्हॉट्सअॅपवरच लिहिणार होतो. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. तिथं मी काही पाठवायच्या आत तुझा प्रश्न येऊन पडतो, "डबी झाली का रे भो?" दर रविवारी तोच प्रश्न, आणि दर रविवारी माझं तेच उत्तर, की सुरतेहून पार्ट यायचाय. दीड वर्ष होत आलं त्या पार्टला. इतक्या दिवसांत माणूस सुरतेला चालत जाऊन परत आला असता. तुला एकदाही शंका आली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

इकडची खबर सांगतो. तुमची खोली मालकानं बिहारच्या चौघांना दिली. कावेरीवहिनींनी दारात लावलेली तुळस त्यांनी ठेवली आहे, पाणीही घालतात. मसाटला कंपनीत आपल्या खात्यात धाग्याला पीळ देणारी दोन नवीन मशिनं आली. जुन्यांपेक्षा लांब आहेत आणि किंचाळायला जुन्यांच्या वरचढ. नवीन पोरं आली की पहिले दोन दिवस कानावर हात ठेवून फिरतात, तिसऱ्या दिवशी हात खाली येतात. आपलेही असेच आले होते. कंपनी कानात घालायला रबरी बोळे देते आणि सगळे ते गळ्यात माळेसारखे घालतात, कारण बोळे घातले तर धागा गुंडाळत फिरणाऱ्या कुठल्या चातीचा आवाज बदलला ते कळत नाही. नुसत्या आवाजावरून बिघडलेली चाती शोधणारा म्हणून तुझं केवढं नाव होतं. साहेब पाहुण्यांना तुला दाखवायचे. त्या कौतुकाची आता मला चीड येते.

आपल्या खात्यात तोंडानं बोलतच नाही कुणी. दोन बोटं ओठांना लावली की चहा, मनगटावर टिचकी मारली की सुटायला किती वेळ, मूठ कपाळावर ठेवली की साहेब आला. सगळे हातानंच बोलतात, म्हणून तुला ऐकू येईनासं झालं ते कुणाला कळलं नाही. मला कळलं ते बाहेर, अथालच्या रस्त्यावर. मागून टेम्पो हॉर्न देत होता आणि तू मधोमध चालत मला गावच्या बोरांबद्दल सांगत होतास. मी दंडाला धरून ओढलं तर तू म्हणालास, "कानाला दडे बसले भो, सर्दी शे." मी मान डोलवली. ती सर्दी नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी कानाची तपासणी करणारी गाडी कंपनीच्या अंगणात आली तेव्हा तू आधी रांगेत उभाच राहीनास. आदल्या वर्षी झिपरूअण्णा त्या तपासणीत नापास झाले. त्यांना आधी कचऱ्याचा धागा वेचायला टाकलं आणि दिवाळीनंतर ठेकेदाराच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं. एवढंच आपण पाहिलेलं. मग आपण दोघांनी डोकं चालवलं. त्या पेटीसारख्या खोलीत तू हेडफोन घालून बसायचास, काचेबाहेर तपासणारा माझ्याकडे पाठ करून, आणि मी रांगेतला पुढचा म्हणून त्याच्या मागे दाराशी. त्याचं बोट मशीनवर टेकलं की तुला आवाज ऐकू यायला हवा आणि तू हातातलं बटण दाबायला हवंस. मी तळहातावर अंगठा घासत उभा राहायचो, तंबाखू मळल्यासारखा. त्याचं बोट टेकलं की माझा अंगठा थांबायचा आणि तू बटण दाबायचास. गेटवर तंबाखू काढून घेतात, म्हणून मी रिकामाच तळहात मळायचो. तीन वर्षं मळला. तीन वर्षं तुझ्या कागदावर 'नॉर्मल' लिहून आलं आणि तीनही वेळा आपण बसस्टँडवर जाऊन भजी खाल्ली.

समाधान, पहिल्याच वर्षी तू नापास झाला असतास तर त्यांनी तुला त्या आवाजातून उचलून दुसरीकडे टाकलं असतं. पगार कमी झाला असता, अपमान झाला असता, पण तेव्हा तुझे निम्मे कान शिल्लक होते. उरलेले माझ्या अंगठ्यानं घालवले. हे मी गेलं वर्षभर मनात घोळवतोय, आणि घरी मंजुषाला वाटतं मला दुकान टाकायला कर्ज काढायचंय म्हणून मी गप्प असतो.

मग कोंडामाय गेल्या. तुझ्यापाशी आईचं म्हणून राहिलं ते एक गाणं. श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडताना त्या म्हणत होत्या आणि वहिनींनी फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवून ते भरून घेतलं होतं. फोन लांब, भांड्यांचा खणखणाट, आणि माय तोंडातल्या तोंडात म्हणणार. शेवटी गाणं मध्येच सोडून त्या वहिनींना विचारतात, तू आलास का म्हणून, "समाधान उना का वं?" तेवढ्यासाठी तू ते गाणं लावायचास, आणि तेवढंच तुला ऐकू यायचं नाही. फोनचा आवाज पूर्ण करून, कान त्याला चिकटवून बसायचास. मला ते बघवेना. मी सिल्वासाला चेतनच्या मोबाइलच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, फोनचा आवाज वाढवणारं काहीतरी स्वस्तातलं दे. त्यानं काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी काढली. हेडफोन अॅम्प्लिफायर म्हणतात. एक वायर फोनला, दुसऱ्या बाजूला मोठे हेडफोन, आत बॅटरी, वर गोल बटण आणि बाजूला 'लो-हाय'चा खटका. "फोनमां ताकत ओछी छे, आ आपशे," म्हणाला, फोनला ताकद कमी पडते ती ही देईल. गाण्याचे शौकीन नेतात म्हणे. हेही म्हणाला की फुल करून कानाला लावू नका, कान जातील. ते मी तुला सांगितलं नाही. मला तुझं तोंड बघायची घाई होती. खटका 'हाय'वर टाकला आणि बटण शेवटपर्यंत फिरवून मीच हेडफोन तुझ्या डोक्यावर चढवले.

तू रडलास. वहिनी रडल्या. मीही बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो. इतकं बरं काम आपल्या हातून आयुष्यात झालं नाही, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. पुढे तू ते रोज लावायला लागलास, जेवताना, झोपताना, सुट्टीत दोन-दोन तास. मी कधी बटण मागे फिरवायला सांगितलं नाही.

आता होळीनंतरचा तो रविवार. तू डबी आणि फोन हातात घेऊन आलास आणि म्हणालास, बंद पडली, काल चार्ज केली तरी आवाज नाही. मी हेडफोन कानाला लावले आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. कोंडामायचा आवाज इतक्या जोरात आला की मी ते झटक्यानं काढून खाटेवर टाकले. कान दुपारपर्यंत वाजत होते. तू विचारलंस, "चालू शे का?" मी मान हलवली, नाही म्हणून. हेडफोन टाकून दिले ते शॉक लागला म्हणून, असं हातानं सांगितलं. तुला केवढं हायसं वाटलं होतं. बिघाड डबीत आहे, एवढंच तुला हवं होतं. मी म्हटलं, ठेव माझ्याकडे, दुरुस्त करून देतो. पुढच्याच महिन्यात मागे येणारा फोर्कलिफ्ट तुला ऐकू आला नाही, खांदा गेला आणि ठेकेदारानं तुला गावी बसवलं. डबी माझ्याकडेच राहिली.

समाधान, डबी बिघडलेली नाही. कधीच बिघडली नव्हती. सुरतेचा पार्ट वगैरे काही नाही. ती पत्र्याच्या पेटीत, माझ्या लग्नाच्या टोपीखाली आहे आणि महिन्यातून एकदा मी ती चार्ज करतो. तिच्यातून तुला पुन्हा कधी ऐकू येणार नाही. हे तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. तू शिव्या दे, आयुष्यभर बोलू नकोस, पण रविवारी वाट बघू नकोस.

आजच का लिहितोय, ते सांगतो. गेल्या महिन्यात ती गाडी पुन्हा आली. मी त्या तपासणीच्या पेटीत जाऊन बसलो, हेडफोन घातले, बटण हातात धरलं आणि बराच वेळ काही झालंच नाही. सवयीनं काचेतून दाराकडे बघितलं. तिथं उभा असलेला नवीन पोरगा मोबाइल बघत होता. तपासणाऱ्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं नाही. काल मंजुषा कामावर गेल्यावर मी डबी काढली आणि वहिनींनी मला पाठवलेलं ते गाणं माझ्या फोनवर लावलं. खटका तू ठेवलेलाच, 'हाय'वर. बटण शेवटपर्यंत फिरवलं, हेडफोन झटकन काढता यावेत म्हणून हातात धरूनच कानाशी नेले. कोंडामाय बेताच्या आवाजात म्हणत होत्या, ओसरीवर बसून म्हणाव्यात तशा. काढावेसे वाटलेच नाहीत. म्हणून कालपासून मी त्यांचं गाणं उतरवून काढतोय. सोबतच्या कागदावर दोन कडवी पूर्ण आहेत. तिसऱ्यातली एक ओळ भांड्यांत जाते, ती वहिनींना आठवत असेल तर त्यांच्याकडून लिहून घे. शेवटी त्या तुझं नाव घेऊन विचारतात, तेही लिहिलंय, त्या म्हणाल्या तसंच. कानबाईच्या दिवशी वाच. डबी मात्र पाठवत नाही. आणखी दोन कडवी राहिली आहेत आणि आता तिच्याशिवाय मला ती ऐकू येत नाहीत.

तुझाच,
वाल्मिक