दुसऱ्या आवृत्तीसाठी

आबा, विद्यापीठाची नवी पुस्तकं आली आहेत. परवा कॉलेजातलं काम संपल्यावर मी प्रकाशन विभागाच्या प्रदर्शनाला गेले होते. कबनूरच्या यंत्रमाग कामगारांच्या शब्दांचा कोश आहे, पेठांमधल्या तालमींचा इतिहास आहे, ताम्रपटांवरचा एक जाडजूड ग्रंथ आहे. तुम्ही असता तर आधी प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून शुद्धिपत्र आहे का ते पाहिलं असतं. मुद्रितशोधकाच्या पोटी जन्मले म्हणून असेल, मीही तेच केलं. तिथल्याच एका टेबलावर गगनबावड्याच्या पावसावरचं ते पुस्तक होतं. दुसरी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीतलं एक पान गळलं म्हणून तुम्हाला मेमो मिळाला होता, तेच. ती चूक माझी होती. तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षं झाली, आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तेव्हा मी एफ. वाय.ला होते. तुम्ही प्रुफं घरी आणायचात आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून आपलं काम चालायचं, कारण चांगला उजेड तिथंच होता. मी लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं उच्चारून. तुम्ही लाल पेन घेऊन प्रुफातल्या ओळीवरून बोट सरकवायचं. टाइप करणाऱ्यानं काही गाळलं असेल तर तुमचं बोट थांबतं आणि माझा आवाज पुढं जातो. एवढ्यावर सगळी भिस्त. त्या दिवशी मैत्रिणीची हळद आहे. समोर गगनबावड्याच्या पावसाचं हस्तलिखित, ते लिहिणाऱ्या सरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, एकेका शब्दापाशी मी अडखळते आहे. आई भाकरी थापता थापता म्हणते, "पोरीला जाऊ द्या की हळदीला! पुस्तक काय पळून जातंय व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "पुस्तक न्हाय पळत, पण छपाई पळती. उद्या पानं द्यायची हायत." आई म्हणते, "मग तुमच्या त्या सरास्नी म्हणावं, जरा माणसासारखं लिवा." तुम्ही हसता.

विभागातून प्रुफाच्या दोन प्रती यायच्या. दुसरी प्रत माझ्या बाजूला पडली होती. मी ती हस्तलिखिताखाली सरकवली, थोडी बाहेर ओढली, आणि हस्तलिखित सोडून तीच वाचायला लागले. छापील अक्षर, सरसर वाचता येत होतं. म्हणजे तुमच्या हातात जे होतं तेच मी तुम्हाला वाचून दाखवत होते. टाइप करताना गळलेलं एक अख्खं पान तुमच्या बोटाखालून तसंच निघून गेलं. तास-दीड तासात काम संपलं. तुम्ही टोपण लावलंत आणि म्हणालात, "आज झकास वाचलंस. जा, हळद संपायच्या आत जा." मी गेले. खूप नाचले, हेही आठवतं.

पुस्तक छापून झाल्यावर सर घरी आले. एवढा मोठा माणूस, चप्पल काढून उंबऱ्याशीच उभा राहिला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पावसाच्या माऱ्यापासून भिंती राखायला गवताच्या ताट्या कशा बांधायच्या, ते तिथल्या एका म्हातारीनं सांगितलेलं. दोन पावसाळे गेलो तिच्याकडं. आता ती न्हाय. पुस्तकात तिचं नाव तेवढ्या एकाच पानावर होतं." मी दाराआड उभी होते. तुम्ही हात जोडलेत. "माझी नजर चुकली, सर." सर गेल्यावर आई तुमच्यावर उखडली, "पोरगी मोठ्यानं वाचत हुती, मग नजर कुठं गेलती तुमची?" तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी चहाचे कप उचलले.

तुम्हाला कळलं होतं का, आबा? मी याचा फार विचार केला आहे. मेमो आला, बढती दुसऱ्याला गेली, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. वाचायला बसवणंही बंद केलं नाहीत. फक्त त्यानंतर तुम्ही घरी प्रुफाची एकच प्रत आणायला लागलात. विभागानंच काटकसर केली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. ती खरीही असू शकेल. पण एखादी गोष्ट कळूनही न बोलणं तुम्हाला जमत होतं, हेही मला माहीत आहे.

तुम्ही गेल्यावर कपाटातल्या कागदांत एक पान मिळालं. तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात, वर लाल शाईनं, 'दुसऱ्या आवृत्तीसाठी'. सरांच्या घरी जाऊन तुम्ही ते उतरवून आणलं होतंत. ते विभागात नेऊन देणं एवढंच माझं काम होतं. सर तोवर वारले होते, त्यांचे कागद रद्दीत गेल्याचं ऐकलं होतं, म्हणजे ते पान कदाचित आता फक्त आपल्याकडंच आहे हेही मला कळत होतं. आवृत्ती निघेल तेव्हा देऊ, असं म्हणत बारा वर्षं ते माझ्या शब्दकोशाच्या पानांत राहिलं. आणि आवृत्ती निघाली ती जुन्या छापील प्रतीवरून. पान नाहीच. वर नव्या संपादकांनी प्रस्तावनेत लिहिलं आहे की पहिल्या आवृत्तीच्या मुद्रितशोधनात हेळसांड झालेली दिसते. नाव नाही. पण त्या पुस्तकाचा मुद्रितशोधक एकच होता.

परवा ते पान माझ्या पर्समध्ये होतं. प्रदर्शनातल्या माणसाला मी विचारलं, एखादं गळलेलं पान आता घालता येईल का. तो म्हणाला, "आता बांधणी झाली की मॅडम. पर शुद्धिपत्र जोडता येतंय. विभागात एक अर्ज द्या. पान कुठनं मिळालं आन् गळलं कसं, एवढं लिवा, झालं." एवढंच. मी पुस्तक घेतलं आणि घरी आले.

अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यात 'अनवधानाने गळलेले' असं आलं, ते खोटं म्हणून फाडला. दुसऱ्यात तुमचं कौतुक इतकं झालं की माझी चूक त्यात दिसेनाशी झाली. तिसऱ्यात सरळ लिहिलं आहे, मी हस्तलिखित वाचत नव्हते. खाली सही अजून केलेली नाही. उद्या करेन असंही इथं लिहीत नाही, कारण माझ्या उद्याची मला खात्री राहिलेली नाही.

अर्जासोबत जोडायचं म्हणून ते पान आज पुन्हा समोर ठेवलं. म्हातारीचं नाव पहिल्याच ओळीत आहे. त्याच्या पुढं ते पान मी आजवर कधीच वाचलेलं नाही, आबा.